चौऱ्याहत्तर किलो मीठ

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, समुद्रकाठच्या एका देवळाच्या सभामंडपात, चौऱ्याहत्तर किलो मीठ त्र्याहत्तर किलो चारशे ग्रॅम वजनाच्या एका माणसाला उचलू शकले नाही. दहा वाजून चौतीस मिनिटांनी त्याच मिठाने त्याच माणसाला त्याच तराजूवर अलगद उचलले. दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी ते पुन्हा उचलू शकले नाही.

ज्याचे वजन या घटनेत गुंतले होते तो गृहस्थ वजने-मापे खात्यात निरीक्षक होता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याने शेकडो तराजू तपासले होते आणि एकाही तराजूने त्याला उलट उत्तर दिले नव्हते. इमारतीतले लोक त्याला तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘मिलिग्रॅम’ म्हणत. दोन्ही नावे त्याला ठाऊक होती. पैकी दुसरे त्याला अधिक अचूक वाटे.

प्रकरणाची सुरुवात डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. निरीक्षकाच्या आईचे दोन्ही मोतीबिंदू इतके पिकले होते की डॉक्टरांनी तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षर वाचायला सांगितले तेव्हा तिने अत्यंत सौजन्याने विचारले, “तक्ता कुठे आहे?” डॉक्टरांनी महिन्याभरानंतरच्या सोमवारची तारीख दिली. त्यानंतर ते दोन महिने परगावी जाणार होते, आणि तेवढे थांबण्यात धोका आहे, हे त्यांनी दोनदा सांगितले. घरी आल्यावर आईने पिशवी खुंटीला अडकवली, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात अडकवली, आणि ऑपरेशन होणार नाही असे जाहीर केले.

“का पण?” निरीक्षकाने विचारले.

“आधी नवस फेडायचाय.”

“कसला नवस?”

“तुझा.”

तो नऊ वर्षांचा असताना एकवीस दिवस तापाने फणफणला होता. एकविसाव्या दिवशी आईने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या समुद्रकाठच्या देवाला सांगितले की पोराला बरे कर, त्याच्या भाराइतके मीठ तुला वाहीन.

“मीठ?”

“हातात बरणी मिठाची होती. अशा वेळी माणूस हातात असेल तेच बोलतो. तेलाची असती तर तेल बोलले असते.”

“अगं आई, समुद्राकाठच्या देवाला मीठ? समुद्राच्या एका लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असतं. त्या देवाच्या दारात—”

“तू मला प्रमाण सांगू नकोस. मी कबूल केलंय.”

“मग चव्वेचाळीस वर्षं काय केलंस?”

आई बोटांवर मोजू लागली. “तुझी शाळा, मग तुझ्या वडिलांची बदली, मग तुझं लग्न, मग तुझ्या पोरांच्या परीक्षा. वाटायचं, देव काय कुठे पळून जातोय. आता नजर चालली तेव्हा कळलं. देव तिथेच आहे रे, मीच निघालेय.” आणि मग, आवाज जराही न चढवता: “मी आंधळी राहीन एक वेळ. पण त्याचं बुडवून त्याच्याकडे डोळे मागणार नाही.”

निरीक्षकाचा देवावर विश्वास नव्हता. ऑपरेशनच्या तारखेवर मात्र पूर्ण होता. त्याने बायकोकडे पाहिले. ती भाजी निवडत होती आणि तिचे मत तयार होते. “देव आहे की नाही ते सावकाश ठरवा,” ती म्हणाली, “आधी मीठ आणा.”

पहिला तात्त्विक प्रश्न भाराचाच निघाला. नवस बोलला गेला तेव्हा निरीक्षकाचे वजन बावीस किलो होते. कराराच्या वेळचे वजन ग्राह्य धरावे, असे त्याने आईला शांतपणे समजावून पाहिले. आईने त्याला तितक्याच शांतपणे विचारले की बरा झालेला तू आहेस की तो बावीस किलोंचा कुणी दुसरा होता? या युक्तिवादात त्याला तार्किक दोष सापडला नाही. दिरंगाईने नवस वर्षाला सरासरी एक किलो एकशे अडुसष्ट ग्रॅम या वेगाने वाढला होता, एवढी नोंद मनाशी करून त्याने हार मानली.

इमारतीत बातमी पसरायला दोन जिने पुरले. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर सर्वांत आधी आले. अडतीस वर्षे शाळेत समजावून सांगितल्यामुळे त्यांना आता न समजावता बसवत नसे.

“आठ दिवस उपास करा,” ते म्हणाले. “पाच किलो मीठ वाचेल. आदल्या दिवशी केस कापा.”

“केसांचे चाळीस ग्रॅम होतील, सर.”

“चाळीस तर चाळीस. थेंबाथेंबानंच होतं सगळं.”

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. “हेडमास्तर, देवाला फसवायचे धडे देताय का माझ्या पोराला?” आणि तेव्हापासून, वजन घटले तर लबाडी होईल या भीतीने, ती रोज रात्री निरीक्षकाच्या ताटात दोन पोळ्या जास्त टाकू लागली. तिला ताट नीट दिसत नसल्याचा फायदा घेऊन बायको त्या दोन पोळ्या गुपचूप उचलून घेऊ लागली. या दोन विरुद्ध बलांमुळे निरीक्षकाचे वजन महिनाभर त्र्याहत्तर किलो चारशे ग्रॅमवर स्थिर राहिले. तो रोज कार्यालयातल्या काट्यावर ते तपासत असे, तेही नवसाच्या दिवशी घालायच्या त्याच शर्ट-पँटमध्ये.

तळमजल्यावरच्या औषधविक्रेत्याने दुकानातून अर्धे बाहेर येऊन सुचवले, “साहेब, कमी सोडियमचं मीठ द्या. लोक वाट्टेल ते वाहतात. कुणीतरी देवाच्या रक्तदाबाचा विचार करायला हवा.” तो गंभीर होता की नाही हे निरीक्षकाला शेवटपर्यंत कळले नाही.

देवळाच्या कचेरीला फोन केला तेव्हा कारकुनाने उचलला.

“नवस कसला?”

“माझी तुला करायची आहे.”

“कशाची?”

“मिठाची.”

पलीकडे लाटांचा आवाज ऐकू येत होता. “साहेब, आमच्या पायऱ्यांना दिवसातून दोनदा मीठ लागतं. आपोआप.”

“मला कल्पना आहे.”

“साखर करा की.”

“आई मीठ म्हणाली आहे.”

“मातोश्री म्हणाल्यात? मग विषय संपला,” कारकून म्हणाला, आणि नियम वाचून दाखवू लागला. तुला फक्त देवळाच्या तराजूवर. वेळ दहा ते बारा. वस्तू नवी आणि बंद वेष्टनात. नवस बोललेली व्यक्ती समक्ष हजर हवी. तिच्या माघारी झालेली तुला धरली जाणार नाही.

पुढच्या रविवारी निरीक्षक एकटाच देवळात गेला आणि देवाला न भेटता थेट तराजूला भेटला. तराजू देखणा होता: जाड लाकडी दांडी, लोखंडी साखळ्या, माणूस मांडी घालून बसेल एवढी पितळी पारडी. निरीक्षकाने दांडीच्या बाजूला बोट फिरवले आणि त्याचा चेहरा उतरला. पडताळणीचा शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता.

“यावर मला बसता येणार नाही,” तो म्हणाला.

“अहो, अकरा वर्षांत एक तक्रार नाही,” कारकून म्हणाला.

“तक्रार कोण करणार इथे? देव?”

“तोच तर ग्राहक आहे.”

हे वाक्य कारकुनाने सहज टाकले होते. निरीक्षकाने मात्र ते पडताळणीसाठी खात्याला पाठवलेल्या टिपणीत लिहिले, आणि तिथेच चूक झाली. त्याचे वरिष्ठ साहेब चार महिन्यांनी निवृत्त होणार होते, आणि आपल्याला प्रश्न विचारणारा कोणताही कागद त्यांना टेबलावर नको होता. त्यांनी शेरा मारला: ‘देव हा ग्राहक या व्याख्येत बसतो काय? अभिप्राय द्यावा.’ विधी शाखेने लिहिले: ‘देव ग्राहक असल्यास विक्रेता कोण, याचा खुलासा व्हावा.’ तिसऱ्या टेबलाने, काहीतरी लिहिणे भाग असल्याने, मिठाच्या पिशवीवरील मजकूर नियमानुसार आहे का ते पाहावे असे सुचवले. फाईल एकोणीस दिवस फिरली. दरम्यान आईने कपाटाला दार समजून दोनदा नमस्कार केला आणि एकदा हेडमास्तरांना मुलगा समजून औषध मागितले. हेडमास्तरांनी ते आणून दिले, डोस समजावून सांगितला आणि मगच आपण कोण ते सांगितले.

अखेर आदेश निघाला. व्यवहार व्यापारी आहे किंवा कसे या प्रश्नात न शिरता तराजूची पडताळणी करण्यात यावी. मात्र प्रस्तुत निरीक्षक हे या प्रकरणी ‘तोलली जाणारी वस्तू’ असल्याने त्यांनी ती स्वतः करू नये.

‘वस्तू’ हा शब्द त्याला रात्रभर लागून राहिला. पडताळणीला शेजारच्या विभागातली निरीक्षक पाठवली गेली; ती त्याच्याच हाताखाली शिकलेली होती. तिने वीस-वीस किलोंची प्रमाण वजने लावून तराजू तपासला, तेल घातले, वीस ग्रॅमच्या आत बरोबर असल्याचे नोंदवले आणि गुरुवारी नवा शिक्का उमटवला. “सर, आता खुशाल बसा,” तिने फोनवर सांगितले. आवाजात हसू होते, पण ते त्याला मोजता आले नाही.

मीठ आणणे त्यामानाने सोपे गेले. एक-एक किलोच्या चौऱ्याहत्तर पिशव्या घेतल्या: त्र्याहत्तर किलो चारशे ग्रॅमला सहाशे ग्रॅमची मोकळीक. घरी जेवणाच्या टेबलावर काटा मांडून त्याने प्रत्येक पिशवी तोलली. दोन पिशव्या अनुक्रमे चार आणि सहा ग्रॅमने कमी भरल्या. त्या घेऊन तो दुकानात गेला तेव्हा दुकानदाराच्या तोंडचे पाणी पळाले.

“धाड आहे का साहेब?”

“नाही. नवस आहे.”

दुकानदाराने पिशव्या बदलून दिल्या, आणि दोन्ही हात जोडले. नक्की कुणाला, ते स्पष्ट झाले नाही.

शनिवारी पहाटे निघाले. गाडीत पुढे निरीक्षक आणि बायको, मागे आई आणि ‘तटस्थ साक्षीदार हवाच’ म्हणून स्वतःच स्वतःला नेमलेले हेडमास्तर. पाठीमागच्या कप्प्यात आणि पायांखाली मीठ. गाडी मागून इतकी खचली होती की पुढचे दिवे आकाश उजळत होते. अर्ध्या वाटेवर तपासणी नाका लागला. पोलिसाने मागचे झाकण उघडायला लावले आणि एकसारख्या चौऱ्याहत्तर पिशव्या पाहून तो दोन पावले मागे सरला.

“ही पांढरी पावडर कसली?”

“मीठ,” निरीक्षक म्हणाला.

“एवढं? कुठे चाललंय?”

“समुद्रावर.”

पोलिसाने कमरेवर हात ठेवले. खरे उत्तर देऊनही खोटारडा दिसण्याचा निरीक्षकाच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग होता. हेडमास्तर खाली उतरून समजावू लागले, त्यामुळे संशय वाढला. शेवटी पोलिसाने एक पिशवी फोडली, बोट बुडवले आणि जिभेला लावले. त्याचे तोंड वाकडे झाले.

“मीठच आहे हो,” तो जरा निराश होऊन म्हणाला.

“दोन ग्रॅम कमी झालं,” निरीक्षक म्हणाला.

“काय?”

“काही नाही, साहेब,” बायकोने घाईघाईने पिशवीला रबर लावले. “ते स्वतःशी बोलतायत.”

दहा वाजता सर्व मीठ ढकलगाडीवरून सभामंडपात पोहोचले. मंडप समुद्राच्या बाजूने उघडा होता. फरशी दमट, वारा बेताचा. निरीक्षकाने घड्याळ, पाकीट, किल्ल्या, फोन आणि पेन बायकोकडे दिले आणि डाव्या पारड्यात मांडी घातली. मुलगा शाळेच्या नाटकात उभा राहिल्यावर आई ज्या कौतुकाने पाहते त्या कौतुकाने आई, साधारण त्याच्या दिशेने, पाहत होती.

“आजी, खुर्चीवर बसा निवांत,” कारकून म्हणाला.

“नको. मला कळायला हवं ना,” ती म्हणाली आणि पारड्याला लागूनच उभी राहिली.

कारकून दुसऱ्या पारड्यात पिशव्या रचू लागला. पन्नास. साठ. सत्तर. निरीक्षकाची नजर काट्यावर खिळली होती. बहात्तर. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तरावी, रबर लावलेली, सगळ्यात वर ठेवली गेली. निरीक्षकाचे पारडे फरशीवरून हलले नाही.

“कमी पडतंय,” कारकून म्हणाला.

“शक्य नाही.”

“दिसतंय ना साहेब.”

माणसे गोळा झाली. फुकट पाहायला मिळणाऱ्या गोष्टींत दुसऱ्याचे वजन वरच्या क्रमांकावर असावे. कुणीतरी विचारले, किती किलोंचे आहेत? कुणीतरी उत्तर दिले, दिसत नाही तेवढे. सत्तावीस वर्षांत ज्याने एका ग्रॅमची सूट कुणाला दिली नव्हती तो माणूस मापात कमी माल आणणारा म्हणून भर सभामंडपात, पितळी पारड्यात, मांडी घालून बसला होता.

“सकाळी काही खाल्लंत का?” बायकोने हळूच विचारले.

“चहा. तोही धरलाय मी.”

हेडमास्तरांना समजावण्याची संधी मिळाली. “अविश्वासालाही वजन असतं,” ते जमलेल्यांना म्हणाले. “हे देव मानत नाहीत. चांगले गृहस्थ आहेत, पण मानत नाहीत. तर तो भार कुठेतरी दिसणारच.”

“सर, भार म्हणजे वस्तुमान गुणिले—”

“तेच म्हणतोय मी.”

आईचा चेहरा पडला होता. उन्हाने असेल म्हणून बायकोने तिला धरून मंडपाच्या टोकाच्या बाकावर नेले आणि पाणी दिले. इकडे निरीक्षकाने कारकुनाला सर्व पिशव्या उतरवून पुन्हा एक-एक मोजत ठेवायला लावले. चौऱ्याहत्तरावी ठेवताच पारडे सावकाश, कसलीही तक्रार न करता, वर उठले. दहा चौतीस झाले होते.

“उचललं!” कारकून ओरडला.

“उचललं?” आई बाकावरून धडपडत आली. “मी नसताना? मग ते नाही चालायचं.”

“नियमानं नाहीच चालायचं,” कारकुनाने मान्य केले. “आजींसमोर पाहिजे.”

पारडे खाली घेतले, आई येऊन उभी राहिली, पुन्हा पिशव्या रचल्या. दहा एक्कावन्न. पारडे जागचे हलले नाही.

यानंतरचा तास निरीक्षकाने ज्या निष्ठेने घालवला तिला दुसरा शब्द नसल्याने भक्तीच म्हणावे लागेल. वारा एका पारड्याला ढकलत असेल म्हणून समुद्राकडचा पडदा सोडवून घेतला: नाही. साखळी खांबाला घासत असेल म्हणून तराजू हातभर सरकवला: नाही. मिठाला दमट हवेत पाणी सुटते हे खरे, पण पाणी सुटल्याने ते जड होते, हलके नव्हे. शिवाय पिशव्या बंद होत्या. दांडीचे दोन बाहू असमान असतील म्हणून तो उजव्या पारड्यात गेला आणि मीठ डाव्यात आले. आईही चाचपडत त्याच्या मागे उजवीकडे आली. नाही. तराजूवर परवाचा शिक्का होता, मीठ त्याने स्वतः तोलले होते, आणि स्वतःला तर महिनाभर रोज. तिघांपैकी कुणीतरी खोटे बोलत होते, आणि तिघेही खात्याचे होते.

“काय गंमत आहे पाहा,” हेडमास्तर म्हणाले, “आई नसली की उचलतं. आई समोर असली की नाही. म्हणजे देव तिच्यासमोर काहीतरी सांगतोय.”

“सर, गप्प बसा,” बायको म्हणाली. हे ती शेजाराच्या अकरा वर्षांत प्रथमच म्हणाली होती.

पण आईने ऐकले होते. “बरोबर आहे त्यांचं,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की हसणारे दोघे-तिघे थांबले. “त्याला मीठ चालतंय. मी चालत नाही. चव्वेचाळीस वर्षं थांबवलं मी त्याला. सोमवारचं रद्द कर, बाळ्या. घरी जाऊ.”

“आई, देव असा नसतो गं.”

“तुला काय माहीत? तू कधी मानलास?”

देवाच्या बाजूने बोलायची वेळ निरीक्षकावर कधी आली नव्हती आणि त्याच्याजवळ मुद्दे नव्हते. कारकून घड्याळाकडे पाहत होता. बाराला मंडप बंद व्हायचा. हेडमास्तर एका अनोळखी कुटुंबाला नवस या संस्थेचा इतिहास सांगत होते. निरीक्षक पारड्यात बसून, दुसरे काही सुचेना म्हणून, काट्याकडे पाहत राहिला.

आईने चष्मा काढला आणि उजव्या हाताने डोळे पुसले.

काटा हलला. पारडे फरशीपासून सुटले आणि चार बोटे वर येऊन तरंगत राहिले. मंडपात ते फक्त निरीक्षकाने पाहिले. मग आईने चष्मा लावला, तिचा हात हवेत थोडा शोधत आला, निरीक्षकाच्या खांद्यावर विसावला, आणि पारडे खाली बसले.

निरीक्षकाने तासाभरात प्रथमच काट्यावरून नजर काढली आणि मान वळवली.

योग्य कार्यपद्धती त्याला ठाऊक होती. बाह्य भार दूर करावा आणि पुन्हा वाचन घ्यावे. त्यासाठी दोन शब्द पुरे होते: ‘हात काढ.’ ते त्याच्या जिभेवर आलेही.

“आई,” तो म्हणाला, “हात कशाला ठेवलायस?”

“मला काय दिसतंय? काटा दिसत नाही, पारडं दिसत नाही. हे लोक म्हणतील उचललं, पण मला कसं कळणार? तू वर गेलास की हाताला कळेल, म्हणून ठेवलाय.” ती थांबली. “का रे? दुखतोय का खांदा?”

“नाही.” मग त्याने बायकोला हाक मारली. “बाहेरच्या दुकानातून तीन पिशव्या मीठ आण.”

“अहो, पण मघाशी चौऱ्याहत्तरात—”

“तीन आण.”

बायकोने त्याच्याकडे पाहिले, मग हाताकडे पाहिले. “तो तर पहिल्यापासून तिथेच आहे,” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही धरला असेल.”

“धरला नव्हता.”

तीन पिशव्या आल्या. त्या त्याने तोलून घेतल्या नाहीत. पंचाहत्तरावी ठेवली, काही झाले नाही. शहात्तरावी ठेवली, साखळी करकरली, काही झाले नाही. बाराला पाच मिनिटे कमी असताना सत्त्याहत्तरावी ठेवली गेली आणि पारडे निरीक्षकाला घेऊन वर निघाले. त्याच्याबरोबर आईचा हात वर निघाला, कोपर सरळ झाले, टाचा किंचित उचलल्या गेल्या.

“अगं बाई,” ती म्हणाली. “गेला! वर गेला! सूनबाई, कळलं मला, वर गेला बघ!”

“झालं!” कारकुनाने वहीवर शिक्का मारला आणि मीठ देवळाच्या स्वयंपाकघराला सात वर्षे पुरेल असा अंदाज वर्तवला. “तीन किलोंचं पाप होतं म्हणायचं,” हेडमास्तर म्हणाले, “तसं फार नाही.” निरीक्षकाने त्यांना दुरुस्त केले नाही. परतीच्या वाटेवर आई गाडीत झोपली. झोपण्यापूर्वी तिने सोमवारी किती वाजता निघायचे ते विचारून घेतले आणि डॉक्टरांकडे जाताना चहा प्यायलेला चालतो का, तेही.

नव्याने शिक्का मारलेल्या तराजूच्या वाचनांत तफावत दिसल्यास तीन दिवसांत अहवाल देणे बंधनकारक होते. निरीक्षकाने तो मंगळवारी, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिला. तराजू अचूक आहे. मीठ अचूक होते. तोलल्या जाणाऱ्या व्यक्तीचे वजन त्र्याहत्तर किलो चारशे ग्रॅम. वाचनांतील तफावतीचे कारण: व्यक्तीच्या आईला दिसत नसल्यामुळे, मुलगा वर उचलला जातो की नाही हे समजावे म्हणून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. हाताचा भार दोन किलो सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त आणि तीन किलो सहाशे ग्रॅमपेक्षा कमी. अधिक अचूक मोजलेला नाही.